माझ्या कानांचा निर्णय

कानाच्या डॉक्टरांनी टेबलावरचा केसपेपर उचलला आणि स्वतःच्या तोंडासमोर धरला. कागदाच्या वर फक्त त्यांचे डोळे दिसत होते. डोळे माझ्याकडे लागले होते, म्हणजे त्या मला काही विचारत असाव्यात. भिंतीपलीकडे कोणी पुटपुटावे तसे काहीतरी जाणवले. शब्द एकही आला नाही.

त्यांनी कागद खाली घेतला आणि तेच पुन्हा विचारले. "तुमचं गाव कोणतं?" मी लगेच गाव सांगितले, तालुक्यासकट. कागद पुन्हा वर गेला. पुन्हा काही नाही. कागद खाली आला की मी उत्तर देत होतो, वर गेला की गप्प. शेजारी बसलेली माझी पत्नी मंगल पदराने डोळे पुसू लागली. तिला प्रत्येक प्रश्न ऐकू येत होता.

"तुम्ही ऐकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही ओठ वाचता. कुठे शिकलात?"

"खात्यात," मी म्हणालो.

सुरतेत पॉवरलूमच्या शेडला खाते म्हणतात. डॉक्टर सुरतेच्याच, त्यामुळे त्यांना अधिक सांगावे लागले नाही. त्यांनी मान हलवली आणि मला ऑडिओमेट्रीला पाठवले. ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याचे मोजमाप. बंद खोलीत कानांवर हेडफोन लावतात, बारीक-मोठे सूर सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचे. मी बसून राहिलो. काचेपलीकडचा माणूस खुणेने विचारत होता की मशीन चालू आहे, तुम्ही बटण का दाबत नाही.

निघालेल्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. डावीकडे जाड, खालचे सूर. उजवीकडे बारीक, वरचे. माझी रेघ डावीकडे बरी होती. मध्यावर आल्यावर ती कड्यावरून ढकलल्यासारखी खाली गेली होती. दोन्ही कानांची एकसारखी.

"ओटोटॉक्सिसिटी," डॉक्टर म्हणाल्या. "औषधाने कानाला झालेली विषबाधा. सध्या इंजेक्शन कोणतं घेताय?"

"कॅनामायसिन. टीबीसाठी."

"सुरू करण्यापूर्वी ऐकणं तपासलं होतं?"

"नाही."

"कान जाऊ शकतो, हे सांगितलं होतं?"

"नाही," मी म्हणालो. त्या वेळी माझ्या माहितीप्रमाणे ते उत्तर खरे होते.

पुढे जे लिहिले आहे त्यात माझ्यासमोर घडलेले आणि मला नंतर सांगितले गेलेले वेगळे ठेवले आहे. दुसऱ्या प्रकारात कोणी सांगितले तेही दिले आहे. वर्तमानपत्राच्या कामाने एवढी शिस्त लावली. ज्यांच्या घरात आज कोणाला अशी सुई चालू आहे, त्यांना यातले काही उपयोगी पडेल.

माझे वडील, आबा, खानदेशातून येऊन आयुष्यभर सुरतेत लूमवर राहिले. आमचे घर आधी नवागामला होते. लग्नानंतर मी सुरतेतच डिंडोलीला आलो, आबा नवागामलाच राहिले. पत्रकार होण्यापूर्वी मीही लूमवर होतो. खात्यात शेजारच्या माणसाची हाकही पोचत नाही. तिथे लोक आवाज न काढता ओठांनी आणि बोटांनी बोलतात. धागा तुटला, शेठ आला, चहा सांग, याची बायको पळाली, सगळे ओठांवर. नवा माणूस काही महिन्यांत शिकतो आणि मग ती सवय सुटत नाही. आबा घरातही असेच बोलत. त्यांचे कान लूमने निम्मे नेले होते. आमच्या आळीत ते कोणाला आजार वाटत नसे.

मी पुढे एका गुजराती दैनिकात लागलो. सुरतेजवळच्या सचिन गावची औद्योगिक वसाहत आणि कापडबाजार माझ्याकडे होता. दुपारनंतर तालुक्यांच्या बातमीदारांचे फोन घ्यायचे, ते सांगतील तसे उतरवून घ्यायचे, हेही काम माझेच.

टीबी मला पूर्वी एकदा झाला होता. उपचार पूर्ण केले होते. सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या साथीनंतरच्या वर्षी खोकला परतला, संध्याकाळचा ताप परतला. तपासणीत निघाले की आधीच्या गोळ्यांना जंतू आता दाद देत नाहीत. औषधे बदलावी लागणार होती. नव्या औषधांत गोळ्या होत्या आणि रविवार सोडून रोज एक सुई.

उपचार डिंडोलीतल्या डॉक्टरआप्पांचे होते. हे त्यांचे नाव नव्हे, सगळी खानदेशी वस्ती त्यांना याच नावाने हाक मारी. ते आमच्याच तालुक्यातले. माझ्या लग्नात ते मांडवात पंगत वाढत होते. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आमच्या लोकांशी कोणी नीट बोलत नसे. आप्पांकडे अहिराणीत रडता येई. मी त्यांच्यावर विश्वास ठेवत होतो, असे म्हणणे पुरेसे नाही. त्यांच्याबाबतीत विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्नच कधी मनात आला नव्हता. वर्तमानपत्रात मी मंत्र्याला दोनदा प्रश्न विचारत असे. आप्पांना एकदाच विचारले.

"आप्पा, ह्या सुईचा त्रास काय?"

"बूड दुखेल," ते म्हणाले. "उशी घेऊन बस ऑफिसात. मुलाखत घेताना उभा राहा, म्हणजे समोरचा घाबरेल."

आम्ही हसलो. आबा शेजारच्या बाकावर बसले होते. तेही हसले, असे मला आठवते.

पहिल्या काही महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, थुंकीत जंतू दिसेनासे झाले. घरात पुन्हा गोडधोड झाले. ही सुई काम करत होती. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचे वाचून कोणी उपचारच सोडू नयेत.

त्याच सुमारास कानात आवाज सुरू झाला. वैद्यकात याला टिनिटस म्हणतात, बाहेर काही वाजत नसताना कानात वाजणे. माझा आवाज ओळखीचा होता. खात्याचा मेन स्विच बंद केल्यावर सगळी लूम थांबतात, तेव्हा कानात जी बारीक शीळ उरते, तीच. फक्त आता ती सकाळी उठल्यापासून होती.

मी आबांना सांगितले. ते खाटेवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नेहमीसारखे जवळजवळ बिनआवाजाने म्हणाले, "खातं उतरी राह्यनं. इतला वरीस कानमा भरेल व्हतं, आते उतरी राह्यनं. उतरू दे."

म्हणजे इतक्या वर्षांचे खाते कानात साचले होते, ते आता निचरत आहे. मला ते पटले. लूम सोडून मला बरीच वर्षे झाली होती, पण लूमच्या माणसाला लूमचा जुना माणूस सांगतो तेव्हा ते पटते. उलट थोडे बरेही वाटले. शरीरातून काहीतरी बाहेर पडते आहे, असे वाटले.

मग गोष्टी एकेक करून बंद पडत गेल्या. प्रत्येकीला मी वेगळे कारण दिले. सायकलची घंटी ऐकू येईना. रस्त्यावर गर्दी वाढली असेल. कुकरची शिट्टी ऐकू येईना.

"कुकर कवयना बोंबली राह्यना!" मंगल आतून येऊन म्हणाली. "तुमना कान कथा गयात?"

तुमचे कान कुठे गेले, या तिच्या प्रश्नाला मी पेपर वाचत होतो, म्हणून लक्ष नव्हते, असे सांगितले. तिने तेव्हा ते मानले. मग ती पाठीमागून बोलली की मी उत्तर देत नसे आणि ती रुसत असे. समोरून बोलली की सगळे ठीक. महिनाभर आमच्या घरात जी भांडणे झाली ती स्वभावाची भांडणे आहेत, असे आम्ही दोघेही समजत होतो.

सचिनला एका रसायनाच्या कारखान्यात गळती झाली होती. मॅनेजर फाटकाशी येऊन माहिती देत होता. वासामुळे त्याने तोंडाला रुमाल बांधला होता. इतर वार्ताहर लिहून घेत होते आणि माझ्या पेनाखाली काही येत नव्हते. माणूस बोलतो आहे हे दिसत होते, काय बोलतो आहे ते नाही. मी त्याला रुमाल काढायला सांगितले. त्याने मला वेड्यात काढले.

शेवटी फोनने पकडले. बारडोलीच्या बातमीदाराचा फोन होता. आवाज येत होता, शब्द येत नव्हते. जसे धुऊन धुऊन कापडावरची छपाई जावी आणि कापड तेवढे राहावे. मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. तेच. लाइन खराब आहे, असे मी शेजारच्या हसमुखभाईला सांगितले. त्याने रिसीव्हर घेतला, ऐकले, चार ओळी झरझर लिहिल्या आणि माझ्याकडे पाहिले.

"लाइन तो चोक्खी छे," तो म्हणाला. "तमे कानमां रू नाख्युं छे के शुं?"

कानात कापूस घातलाय का, असे तो विचारत होता. मी हसलो. तो हसला नाही. आपल्या स्कूटरवर बसवून दुसऱ्या दिवशी त्यानेच मला ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेले. मंगल तिथे थेट आली. कानाच्या विभागाबाहेरच्या बाकावर आम्ही तिघे बसलो. नावे पुकारणारी मुलगी दाराशी उभी राहून खालमानेने कागद वाचत होती. माझे नाव ती पुकारून गेली, तेव्हा मंगलने मला कोपराने ढोसले. त्यानंतर तोंडासमोर धरलेला तो कागद.

एवढे महिने हे लपून कसे राहिले, याचे उत्तर त्या कागदात होते. डॉक्टरआप्पा मला अधूनमधून विचारत, "कान ठीक ना रे?" ते समोरच्या खुर्चीत बसून, माझ्याकडे पाहून विचारत. मी "ठीक" म्हणत असे. शीळ तर खात्याची, ती डॉक्टरला काय सांगायची, असे वाटे. मला खरोखर ठीक वाटत होते, कारण त्यांचा प्रश्न मला नीट कळत होता. डोळे किती काम करत आहेत, हे मला ठाऊक नव्हते. आवाज गेल्यावर माणसाला कळते. आवाजाच्या जागी ओठ येऊन बसले, तर कळत नाही. आमच्या खात्यांतल्या हजारो माणसांना असाच प्रश्न विचारला, तर हेच उत्तर मिळेल.

कानाच्या डॉक्टरांनी मला जे समजावले ते असे. कानाच्या आत कॉक्लिया नावाचा शंखासारखा गुंडाळलेला भाग असतो. त्यात संवेदनपेशींच्या रांगा असतात. प्रत्येक पेशीवर केसांसारखे तंतू असतात, म्हणून त्यांना हेअर सेल्स म्हणतात. आवाजाने हे तंतू हलतात आणि मेंदूला निरोप जातो. शंखाच्या तोंडाशी बारीक सुरांच्या पेशी, आत खोलवर जाड सुरांच्या. कॅनामायसिन आणि त्याच्या जातीची औषधे तोंडाशी असलेल्या पेशी आधी मारतात आणि मग आत सरकतात.

"मखमलीवरचा रोवा, ती मऊ लव, झिजतो ना, तसं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे कापड पुन्हा विणता येईल. हा रोवा पुन्हा येत नाही."

"कधीच नाही?"

"कोंबडीच्या पिल्लांत येतो. माणसात नाही."

मी विचारले की औषध चालू असताना या पेशी वाचवणारे दुसरे काही औषध आहे का. हा प्रश्न पत्रकाराचा होता. त्यांनी उत्तर रुग्णाला दिले. "प्रयोगशाळेत जनावरांवर चाललंय. माणसाला द्यायला आज माझ्याकडे काही नाही. माझ्याकडे एवढंच आहे, आधी तपासायचं, मधे तपासायचं, आणि वेळेवर थांबायचं. तुमच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी झाल्या नाहीत."

तिसरी उरली होती. त्यांनी छातीच्या डॉक्टरांना बोलावून घेतले. दोघांनी मिळून मला सांगितले की सुई आत्ता थांबवली तर उरलेले ऐकणे बहुधा वाचेल. पण औषध कानातल्या द्रवात रेंगाळते, त्यामुळे थांबवल्यावरही काही आठवडे ऐकणे उतरू शकते. थुंकी काही महिने स्वच्छ आहे, गोळ्या चालू ठेवता येतील. टीबी परत येणार नाही, अशी हमी मात्र ते देऊ शकत नव्हते.

"आम्ही दोन्ही बाजू सांगितल्या," कानाच्या डॉक्टर म्हणाल्या. त्या बोलताना चेहरा माझ्याकडे ठेवत होत्या, शब्द सावकाश उच्चारत होत्या. "आता तुम्ही सांगा. थांबवायची का?"

या आजारात मला काही विचारले गेले, असा हा पहिला प्रसंग. मी थांबवा म्हणालो.

तिथून मी डिंडोलीला, आप्पांच्या दवाखान्यात गेलो. ऑडिओग्राम त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो पाहिला. नवल वाटल्याची कोणतीही खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. चेहरे वाचणे ही माझी सवय आहे. ही नोंद मी जबाबदारीने करतो आहे.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुझ्या आबांना. पहिल्या सुईच्या आधी. हे कान खाऊ शकतं म्हणून सांगितलं. आपल्याकडे घरातल्या मोठ्याला सांगतात, सुभाष. पेशंटला सांगितलं की पेशंट पळतो. नवागाममध्ये मी किती जण घालवलेत असे. आबा म्हणाले, पोराला बोलू नका. मी बोललो नाही."

"आणि तपासणी?"

"तपासणीला पाठवलं असतं, तर कशाला म्हणून तू विचारलं असतंस."

एवढेच बोलणे झाले. ते वाईट माणूस नाहीत. नंतर मी त्यांच्याविरुद्ध काही लिहिले नाही, तक्रारही केली नाही. पण मंत्र्याला दोनदा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला त्यांनी ओळखले होते आणि म्हणूनच त्याच्यापासून माहिती लांब ठेवली होती. त्यांच्या दवाखान्यात मी पुन्हा गेलो नाही. एकदा ते रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला नाही आणि थांबलोही नाही.

आबांकडे जाण्यापूर्वी मला एक गोष्ट पडताळून पाहायची होती. खाते कानातून उतरते, हे लूमवरचे लोक खरेच म्हणतात का? नवागामला वडाखाली जुने कारागीर दुपारी पत्ते खेळत बसतात. आबांबरोबर काम केलेले दोघे तिथे होते. मी विचारले. त्यांना प्रश्नच कळेना. मग त्यातले एक, सुपडूदादा, मोठ्याने हसले.

"कोनी सांगं तुले? खातं कानमा चढस, उतरत नही. मन्ह्या कानमा ते मी मरी जासू तवय बी चालूच ऱ्हाई."

दुसऱ्यांनीही तेच सांगितले. कानात चढलेले खाते उतरते, असे कोणी कधी ऐकलेले नव्हते. म्हणजे ते वाक्य लूमवरचे नव्हते. ते आबांनी त्या सकाळी, तंबाखू मळता मळता, माझ्यासाठी बनवले होते. सुईने पहिली खूण दाखवली होती, सुई थांबवायची वेळ तीच होती. मी ती खूण घेऊन योग्य माणसाकडे गेलो होतो. त्या माणसाला तिचा अर्थ ठाऊक होता आणि त्याने मला दुसरा अर्थ दिला.

आबा खाटेवर होते. मंगल दारात उभी राहिली. मी त्यांच्यासमोर बसलो, दोघांना एकमेकांचे ओठ दिसतील असा.

"आप्पांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

त्यांनी मान हलवली. हो.

"आणि खातं उतरतंय म्हणालात."

ते बोलले, तेही आवाज काढून, जे ते क्वचित करत. त्यांचा आवाज जाड आहे. मला प्रत्येक शब्द आला.

"तुन्ही मायले बी सुई व्हती. चक्कर येस म्हनीसन तिनी सुई सोडी दिन्ही. मंग गयी." मग म्हणाले, "आमना बठ्ठासना कान गयात. आम्ही मरी गऊत का?"

आमच्या सगळ्यांचेच कान गेले, आम्ही मेलो का, असे ते विचारत होते. माझी आई टीबीने गेली, हे मला माहीत होते. तिने सुई मध्येच सोडली होती, हे माहीत नव्हते. तेही मला कोणी सांगितले नव्हते. आमच्या घरात माहिती नेहमी एका माणसापाशी येऊन थांबत आली आहे.

आबांच्या हिशेबात चूक शोधणे अवघड आहे. एका पारड्यात बायको, दुसऱ्यात कान. ज्याने स्वतःचे कान लूमला दिले आणि त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, त्याला मुलाचे कान ही मोठी किंमत वाटली नसेल. पण ते कान त्यांचे नव्हते. वेळेवर तपासले असते तर सुईची मात्रा कमी करता आली असती, किंवा काही महिने आधी थांबवता आली असती. कदाचित जीव आणि कान दोन्ही राहिले असते. कानाच्या डॉक्टरांनी मला असे सांगितले. त्यांनी 'कदाचित' म्हटले होते, म्हणून मीही तेच म्हणतो.

मी आबांना हे सगळे सांगितले नाही. उठून घरी आलो. बरेच आठवडे त्यांच्याकडे गेलो नाही.

ते आठवडे पुन्हा पुन्हा ऑडिओमेट्रीला जाण्यात गेले. दोनदा रेघ आणखी खाली आली. मग ती थांबली. तिसऱ्या आलेखावर दुसरा ठेवून डॉक्टरांनी उजेडाकडे धरले. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या होत्या. मंगलने तिथेच बाकावर बसून सगळ्यांना पेढे वाटले. बाकीच्या लोकांना वाटले, मला ऐकू यायला लागले. आणखी जाणार नाही, याचे ते पेढे होते. टीबीही परत आलेला नाही.

जे गेले ते गेले. बोलण्यातले स, श, फ गेले. चिमण्या गेल्या. मंगलचा आवाज तिच्यापासून वेगळा करून मला आता आठवावा लागतो. जाड आवाज राहिले. पुरुषांचे आवाज. डॉक्टरआप्पा आणि आबा या दोघांनी माझ्या कानांचा निर्णय माझ्या पाठीमागे घेतला, आणि आज मला सर्वांत स्वच्छ ऐकू येतात ते या दोघांसारखेच आवाज.

फोनचे काम माझ्याकडून गेले. मी आता मजकूर तपासतो. कानाचे मशीन घेऊन पाहिले. ते मध्येच बारीक शीळ घालत असे. मला ती ऐकूच येत नसे, साऱ्या ऑफिसला मात्र येत असे. हसमुखभाई त्याला माझे रेडिओ स्टेशन म्हणतो.

ज्यांना कॅनामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन किंवा अमिकासिन यांपैकी कोणतीही सुई सुरू होणार आहे, त्यांनी पहिल्या सुईआधी ऐकणे तपासून घ्यावे आणि चालू असताना पुन्हा तपासावे. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते. मूत्रपिंड मंद असेल तर ते शरीरात साचते, म्हणून क्रिएटिनिन ही रक्ताची तपासणी करून घ्यावी. लूमवर असाल तर त्या काळात आवाजापासून दूर राहावे, आवाज आणि औषध मिळून जास्त मारतात. कानात शीळ सुरू झाली किंवा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. स्वतःहून सुई सोडू नये. माझ्या आईने सोडली होती.

कानाच्या डॉक्टरांचे आभार मी मानले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी फक्त एक कागद तोंडासमोर धरला." मी त्यांना सांगितले की त्या कागदापेक्षा नंतर विचारलेला 'थांबवायची का?' हा प्रश्न मोठा होता.

गेल्या महिन्यात नवागामहून जगनदादा आले, आबांचे जुने जोडीदार. त्यांची सून शोभा हिला टीबी परतला होता आणि सुई सांगितली होती. आबा त्यांना घेऊन आले होते. आबांचे येणे-जाणे पुन्हा सुरू झाले आहे. बोलणे मोजके आहे.

"काय शे ते माले सांग," जगनदादा म्हणाले. "मी सांगसू तिले घर जाईसन."

"नाही दादा," मी म्हणालो. "तिलाच सांगायचं आहे."

त्यांना ते आवडले नाही. शोभा उंबऱ्याशी बसली होती, तिला मी पुढे बोलावले. हातातला पेपर उघडून पूर्ण चेहऱ्यासमोर धरला आणि हळू आवाजात विचारले, "तुमचं माहेर कुठलं?"

उत्तर आले हे मला कळण्यासाठी पेपर खाली घ्यावा लागला. ती हसत होती. मंगलने ते मला पुन्हा सांगितले. "पारोळा म्हणतेय. आणि पेपर उलटा धरेल शे, म्हणतेय."

मग मी तिला सगळे सांगितले. सुई काय करते, काय वाचवते, काय नेऊ शकते, कुठे जाऊन तपासायचे. जगनदादा मध्ये दोनदा खाकरले. शोभाने त्यांच्याकडे पाहिले नाही. सगळे ऐकून झाल्यावर ती थोडी पुढे सरकली आणि तिने माझ्या समोर तोंड करून विचारले, "आनि सुई लिन्हीच नही, ते?"

सुई घेतलीच नाही, तर काय होईल. हा प्रश्न मला कधी विचारता आला नव्हता.

आबा भिंतीशी बसले होते. तिचा आवाज त्यांच्यापर्यंत गेला नसणार, पण तिचे ओठ त्यांना दिसत होते. त्यांनी मान खाली घातली. ओठ वाचणारा माणूस मान खाली घालतो, तेव्हा तो कान बंद करतो. मी थांबलो. काही वेळाने त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहिले.

मग मी शोभाला उत्तर दिले. सावकाश, ओठ नीट हलवत, दोघांनाही कळेल असे.